कुणी न पाहिलेली दरी

निसर्गाचं छायाचित्र म्हटलं की आपल्याला भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं. हिमशिखर, धबधबा, सूर्यास्त. महिना संपला की पान उलटायचं. पण अशीच छायाचित्रं निसर्गावरच्या लिखाणाशेजारी छापली गेली आणि त्यांनी धरणांविरुद्धच्या लढ्याला बळ दिलं, असं अमेरिकेत घडलं आहे. त्यातलं एक पुस्तक मात्र फार उशिरा निघालं.

ती छायाचित्रं एलियट पोर्टर यांची. पोर्टर शिक्षणानं डॉक्टर. हार्वर्ड विद्यापीठात ते जीवरसायनशास्त्र शिकवत. १९३८च्या अखेरीस आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी आपल्या न्यूयॉर्कच्या कलादालनात त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि त्यानंतर पोर्टर यांनी नोकरीला रामराम ठोकला.

त्या काळी कलात्मक छायाचित्र म्हणजे कृष्णधवल. रंग जाहिरातींसाठी, अशी समजूत होती. पोर्टर यांनी रंगच धरला. तीन रंगांचे तीन साचे करून ते एकाच कागदावर अचूक जुळवून उतरवायचे, अशी ‘डाय ट्रान्सफर’ नावाची वेळखाऊ पद्धत ते वापरत. शिखरांपेक्षा त्यांना जवळचं दिसे : गळालेली पानं, दगडावरचं शेवाळ, डबक्यातलं आकाश.

वॉल्डन तळ्याकाठी राहिलेला हेन्री डेव्हिड थोरो असंच पाहत असे. त्याचं लिखाण आणि ही छायाचित्रं यांचं नातं पत्नी अॅलिन यांनी पोर्टरना दाखवलं. मग कित्येक वर्षं पोर्टर थोरो वाचत न्यू इंग्लंडमधले ऋतू टिपत राहिले. रंगीत छपाईचा खर्च पाहून प्रकाशक माघार घेत. अखेर ‘सिएरा क्लब’ या निसर्गरक्षक संस्थेच्या डेव्हिड ब्राउअर यांनी १९६२ मध्ये, थोरोच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या साली, हे पुस्तक काढलं. किंमत २५ डॉलर, म्हणजे तेव्हा भलतीच; तरी ते खपलं. शब्द वाचून वाचक चित्राकडे वळे आणि चित्र पाहून पुन्हा शब्दांकडे येई.

याच सुमारास कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण उभं राहत होतं. १९५०च्या दशकात इको पार्क इथल्या धरणाविरुद्ध सिएरा क्लबनं मोठी झुंज दिली होती. १९५६ च्या कायद्यातून ते धरण वगळलं गेलं, ग्लेन कॅन्यनचं राहिलं आणि क्लबनं विरोध मागे घेतला. ब्राउअर यांनी तेव्हा ही दरी पाहिलेलीच नव्हती.

पोर्टर १९६० मध्ये तिथे पहिल्यांदा होडीनं उतरले. तांबड्या वालुकाश्माच्या अरुंद घळी, वरून झिरपणारा उजेड, ओल्या कड्यांवरची नेची. धरणाचं काम सुरू असतानाच ते पुन्हा पुन्हा तिथे गेले. जानेवारी १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागलं. त्याच वर्षी ‘द प्लेस नो वन न्यू’ हे पुस्तक आलं. पोर्टर यांची छायाचित्रं आणि शेजारी निसर्गलेखकांचे वेचे, अशीच याही पुस्तकाची मांडणी होती. प्रस्तावनेत ब्राउअर यांनी या दरीच्या मरणातला आपला वाटा कबूल केला.

ग्लेन कॅन्यन वाचली नाही. पण ग्रँड कॅन्यनच्या परिसरात दोन धरणं बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हे पुस्तक लोकांसमोर होतं. काय बुडतं ते त्यांनी पाहिलं होतं. निदर्शनं, जाहिराती, पत्रं यांचा रेटा वाढला आणि १९६८ च्या कायद्यातून ती दोन्ही धरणं गळाली.

ग्लेन कॅन्यनचा जलाशय १९८० मध्ये काठोकाठ भरला. पुढच्या दुष्काळांत तो आटला आणि २००५ मध्ये, तसंच २०२१ च्या सुमारास, पोर्टर यांनी टिपलेली ‘कॅथीड्रल इन द डेझर्ट’ ही घळ पुन्हा उघडी पडली. पूर्वी तिथे काय होतं, हे ताडून पाहायला त्यांची चित्रं उपयोगी पडली.

आज सुंदर छायाचित्रांना तोटा नाही. पण ती जागा कोणती, तिथे काय जगतं आणि तिचं पुढे काय होणार आहे, हे सांगणारे चार शब्द चित्राशेजारी हवेत. आणि तेही पाणी चढण्याआधी.