लाखो पुस्तके आणि एकच दार

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प आकारास आला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी यांच्या ‘दहा लाख पुस्तकां’च्या संकल्पनेशी तो जोडलेला होता, भारतातील कामाची धुरा प्रा. एन. बालकृष्णन यांनी वाहिली. देशभरातील केंद्रांत जुनी पुस्तके पानापानाने स्कॅन झाली. संस्कृत, तमिळ, उर्दू, बंगाली यांच्यासोबत मराठी ग्रंथही त्यात आले. ग्रंथालयांच्या कपाटांत पिवळी पडत चाललेली पुस्तके घरबसल्या वाचता येऊ लागली. मात्र वाचकासाठी या साऱ्या भांडाराचे दार एकच होते: प्रकल्पाचे संकेतस्थळ.

याच काळात जगात नेमका उलटा विचार मूळ धरत होता. 1999 मध्ये आलेल्या नॅपस्टरमध्ये गाणी वापरकर्त्यांच्याच संगणकांवर असत. परंतु कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर होती. न्यायालयीन लढाईनंतर 2001 मध्ये ती सूची थांबली आणि लाखो संगणक शाबूत असूनही जाळे निष्प्राण झाले. 2000 सालच्या ग्नुटेलाने सूचीच काढून टाकली. प्रत्येक संगणक शेजाऱ्याला विचारी, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. साहजिकच जाळे वाढताच प्रश्नांच्या गर्दीने ते गुदमरू लागले.

2001 मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरंट प्रसिद्ध केले. त्यात फाइलचे लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला गणिती ठसा असतो. त्यामुळे अनोळखी संगणकाकडून आलेला तुकडाही पारखून घेता येतो. वापरकर्त्याच्या संगणकावरील प्रणाली, म्हणजे ‘क्लायंट’, सर्वांत दुर्मिळ तुकडा आधी मिळवते आणि जो देतो त्याला झुकते माप देते. 2002 मध्ये मेमुन्कोव्ह आणि माझिएर यांनी ‘कॅडेम्लिया’ ही रचना मांडली. तीत सूचीसुद्धा सर्व संगणकांत विभागली जाते. प्रत्येक पावलागणिक उरलेले अंतर साधारण निम्मे होत असल्याने दहा लाख संगणकांतूनही सुमारे वीस पावलांत पत्ता लागतो.

बेंगळुरूच्या भांडाराला मात्र एकाच दाराचा धोका भोवला. स्वामित्वहक्काचे प्रश्न उपस्थित झाले आणि 2017 च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. सुदैवाने कार्ल मालामुद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेने चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती उतरवून ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेवल्या होत्या. आज महाराष्ट्रातील एखादा संशोधक एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथ वाचतो तो बहुधा अमेरिकेतील याच प्रतीवरून.

इंटरनेट अर्काइव्ह 2012 पासून आपला संग्रह बिटटोरंटनेही देते. पण तेथेही एक मेख आहे. एखाद्या पुस्तकाची प्रत दुसऱ्या कोणी आपल्या संगणकावरून पुरवत नसेल, तर टोरंटही अखेर अर्काइव्हच्याच सर्व्हरकडे वळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सायबर हल्ल्यामुळे अर्काइव्ह काही दिवस बंद होते. अशा वेळी ज्या पुस्तकाला दुसरा पुरवठादार नाही, त्याचे विकेंद्रीकरण कागदावरच राहते.

म्हणजे नियम कितीही चोख असले, तरी जाळे जिवंत राहते ते प्रती सांभाळणाऱ्यांमुळे. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी पुस्तक स्वामित्वमुक्त होते. अशा ग्रंथांपुरता तरी कायद्याचा अडसर नाही. ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ने आपली विद्यापीठे आणि संशोधन संस्था वेगवान जाळ्याने आधीच जोडलेली आहेत. प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या भाषेतील काही हजार ग्रंथांची प्रत जवळ ठेवून एक क्लायंट अखंड चालू ठेवला, तर पुढचे एखादे दार बंद होईल तेव्हा ते ग्रंथ आपल्याच देशात, अनेक ठिकाणी, वाचायला मिळतील.