पाच कोटींचा एरर: बूटलोडरमधल्या क्लॉकची गोष्ट

फोनचं पॉवर बटण दाबलं की लोगो येतो आणि मग अँड्रॉइड सुरू होतं. पण त्याच्या आधी एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याचं नाव बूटलोडर. मेमरी जागी करायची, स्टोरेजमधून ऑपरेटिंग सिस्टीम उचलून आणायची, तिच्या हाती कारभार द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. आज यू-बूट नावाच्या बूटलोडरचा इतिहास सांगतो. तुमच्या फोनमध्ये बहुतेक दुसरा असेल, पण राउटर आणि छोट्या कॉम्प्युटर बोर्डांवर हा खूप दिसतो. त्यातला एकच कोपरा घेऊया: क्लॉक. कारण तिथे मी स्वतः तीन दिवस अडकलो होतो.

क्लॉक म्हणजे इथे वेळ दाखवणारं घड्याळ नाही. ढोल-ताशा पथकात टोल जसा ठेका धरून ठेवतो, तसं चिपमध्ये क्लॉक करतं. बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, म्हणजे सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके. चिपमधलं पीएलएल नावाचं सर्किट हा वेग वाढवून प्रोसेसरसाठी १ गिगाहर्ट्झपर्यंत नेतं. मग डिव्हायडर तो कमी करून सिरियल पोर्ट, एसडी कार्ड अशा प्रत्येकाला झेपेल तेवढा देतात. जिथे गरज नाही तिथे गेट ठोके बंद करतं. असं सगळं एक झाडच असतं. बूटलोडर सुरू होतो तेव्हा यातलं बरंचसं बंद असतं, आणि ते चालू करणं त्याच्याच माथी येतं.

आता इतिहास. सुरुवात झाली पॉवरपीसी चिपसाठी लिहिलेल्या ८एक्सएक्सरॉम नावाच्या बूटलोडरपासून. १९९९ मध्ये जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी तो प्रोजेक्ट सोर्सफोर्जवर आणला. तिथे प्रोजेक्टचं नाव आकड्याने सुरू करता येत नव्हतं, म्हणून नाव पडलं पीपीसीबूट. पुढे त्यातूनच एआरएम चिपसाठी एआरएमबूट फुटला, मग दोन्ही पुन्हा एकत्र आले आणि २००२ मध्ये यू-बूट हे नाव मिळालं. डेंक २०२२ मध्ये गेले, पण त्यांचं काम आजही चालू आहे.

सुरुवातीची अनेक वर्षं क्लॉकच्या बाबतीत प्रत्येक चिपचा वेगळा संसार होता. ज्याने चिपसाठी कोड लिहिला, त्याने आपल्या सोयीने फंक्शनला नाव दिलं. माहिती कुठे? हजारो ओळींच्या एका रीडमी फाइलमध्ये, नाहीतर थेट कोडमध्ये. लिनक्सलाही हा त्रास झालाच होता. तिथे वापरणाऱ्यांसाठी फंक्शनं समान होती, पण त्यामागचा कोड प्रत्येकाने आपापला लिहिलेला. २०१२ मध्ये, लिनक्स ३.४ मध्ये, सगळ्यांसाठी एक कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आलं.

यू-बूटमध्ये २०१४ पासून ड्रायव्हर मॉडेल आलं, म्हणजे ड्रायव्हर लिहायची एक ठरलेली पद्धत. २०१५ मध्ये क्लॉक त्यात बसवलं गेलं. २०१६ मध्ये त्याची नीट वाटणी झाली: क्लॉक वापरणाऱ्यांसाठी एक हेडर फाइल, क्लॉक पुरवणारा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी दुसरी. चालू करा, बंद करा, वेग सांगा, वेग बदला, अशी मोजकीच फंक्शनं. हाच तो इंटरफेस, म्हणजे दोन अनोळखी प्रोग्रामरमधला करार.

आणि इथेच माझी गोष्ट सुरू होते. बीटेकनंतरच्या पहिल्या नोकरीत मला एसडी कार्डचा ड्रायव्हर लिनक्समधून यू-बूटमध्ये आणायचा होता. फंक्शनची नावं अगदी तीच. म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम! कोड उचलला, बिल्ड केला, बोर्ड चालू केला. स्क्रीनवर आलं: क्लॉक सेट झालं नाही.

मी सरळ हार्डवेअर टीमच्या सरांकडे गेलो आणि ठणकावून सांगितलं, "सर, तुमच्या बोर्डावरचं क्लॉक बिघडलंय." त्यांनी अख्खा दिवस ऑसिलोस्कोप लावून एकेक लाइन तपासली. संध्याकाळी शांतपणे म्हणाले, "अरे, क्रिस्टलच गेला असता तर तुझा हा मेसेज तरी नीट उमटला असता का?"

तिसऱ्या दिवशी मला सुचलं की तो एरर नेमका कोणता ते तरी छापून बघावं. आकडा आला: ५०००००००. पाच कोटी! मी ५० मेगाहर्ट्झच मागितले होते. म्हणजे क्लॉक पहिल्या दिवसापासून बरोबर सेट होत होतं. लिनक्समध्ये वेग बदलणारं फंक्शन काम झालं की शून्य परत देतं. यू-बूटमध्ये तेच नाव, पण ते नवा वेग परत देतं आणि चूक झाली तरच ऋण आकडा. माझा कोड शून्य सोडून सगळ्याला एरर समजत होता. यश मिळत होतं आणि मी त्यालाच अपयश म्हणत होतो.

वाईट म्हणजे, हे हेडर फाइलमधल्या कमेंटमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

त्यानंतर मी ते सगळं डॉक्युमेंटेशन बसून वाचलं. आता त्याच कमेंटमधून वेबपान तयार होतं आणि कराराची कलमं त्यात स्पष्ट आहेत. उदाहरणार्थ, बंद असलेल्या क्लॉकचा वेग विचारला तर काय उत्तर द्यायचं? शून्य? नाही. चालू केलं तर ज्या वेगाने चालेल, तो वेग. एखादी सोय ड्रायव्हरमध्ये नसेलच, तर त्यासाठी वेगळा एरर कोड. नुसता कोड वाचून हे कळत नाही. एका ड्रायव्हरने बंद क्लॉकला शून्य सांगितलं, तर ते ठरवून केलंय की चुकून, हे कोड कसा सांगणार? ते कुणीतरी शब्दांत लिहावंच लागतं.

मी सरांची माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "लिहून ठेव, पुढच्या पोराचे तीन दिवस वाचतील." मी आमच्या ड्रायव्हरमध्ये त्या ओळीच्या वर दोन ओळींची कमेंट टाकली. नोकरी बदलली, पण ती सवय राहिली.

तुम्हीही कोड लिहीत असाल तर आज एक करा. तुमच्या एखाद्या फंक्शनच्या वर ते काय परत देतं एवढंच लिहा. आणि दुसऱ्याचं फंक्शन वापरण्याआधी त्याच्या वरची ओळ वाचा. चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!