राणीखेत : एका रोगाचा पत्ता

राणीखेत म्हटले की मराठी पर्यटकाला हिमशिखरे आठवतात, पशुवैद्याला मात्र मान पिळवटलेली कोंबडी. आपल्या खेड्यांत या रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात. भारतातील सरकारी कागदांवर तो ‘राणीखेत’ असतो आणि उर्वरित जगात ‘न्यूकॅसल’. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, घशातून घरघर येते, हिरवट पातळ विष्ठा पडते, पुढे मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. लस न टोचलेल्या खुराड्यात तीव्र साथ शिरली की मागे फारसे काही उरत नाही. घरघर इतर रोगांतही होते, म्हणून लोक दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणतात. परंतु हा विषाणूजन्य रोग असल्याने त्याच्यावर तिचा काही उपयोग नाही.

१९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग प्रथम ओळखला गेला. लवकरच तो कुमाऊँच्या डोंगरात दिसला आणि १९२८ साली मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतील एडवर्ड्स यांनी त्याचे वर्णन करून जवळच्या राणीखेतचे नाव त्याला दिले. रोग एकच आहे, हे नंतर उमगले; तोवर नाव रुजले होते.

या प्रयोगशाळेचा जन्म, वाचकहो, पुण्याचा. १८८९ साली तेथे ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली आणि १८९३ साली ती मुक्तेश्वरला नेण्यात आली. बुळकांड्यासारख्या जनावरांच्या महामारीवर प्रयोग करायचे तर वस्तीपासून दूर, थंड जागा हवी होती. तेव्हाच्या सरकारची चिंता मुख्यतः नांगराचे बैल आणि पलटणीचे घोडे यांची. कायदे पाहा. १८९९ चा ‘ग्लँडर्स अँड फार्सी’ कायदा आणि १९१० चा ‘डूरीन’ कायदा, दोन्ही घोड्यांच्या रोगांसाठी. हे दोन्ही रद्द करून सर्व पाळीव प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी केंद्राचा एकच कायदा आला तो २००९ साली, आणि त्याच्या अनुसूचीत न्यूकॅसल रोगालाही स्थान मिळाले. घोड्याकडून कोंबडीपर्यंत पोहोचायला राज्यसंस्थेला एकशे दहा वर्षे लागली.

शास्त्रज्ञ मात्र थांबले नव्हते. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरला हॅडो व इदनानी यांनी हा विषाणू गर्भयुक्त अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला. त्यापासून झालेली ‘आर-टू-बी’ लस आजही वापरात आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात ‘एफ’ किंवा ‘लासोटा’ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन, हा क्रम खात्यातल्या कुणालाही पाठ असतो. देशातील कुक्कुटउद्योग या लसींच्या आधाराने वाढला.

मग परसातली कोंबडी का मरते? काही वर्षांपूर्वी एका योजनेच्या पाहणीसाठी मी पूर्व भारतातील एका आदिवासी गावात गेलो होतो. एका वृद्धेच्या डालग्याखाली तीन कोंबड्या घरघरत होत्या. चार तिने आदल्या दिवशी बाजारात विकल्या होत्या. ‘कळवले का नाहीस, माई?’ असे दुभाष्यामार्फत विचारले. तिने उलट विचारले, ‘कळवले असते तर पैसे मिळाले असते का?’ साथीची सूचना देणे हे पशुपालकाचे कर्तव्य आहे, अशी टिपणे मी स्वतः लिहिली होती. बर्ड फ्लूच्या वेळी सरकारने मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते. मानमोडीने आपोआप मेलेली कोंबडी बहुधा नोंदवहीतही येत नाही. माझ्या अर्थशास्त्राच्या भाषेत तिचा निर्णय पूर्णतः विवेकी होता. त्या चार कोंबड्यांबरोबर रोग चार घरांत गेला असणार, ही किंमत तिच्या हिशेबात धरायला आम्ही तिला कोणतेच कारण दिले नव्हते.

अडचण कुपीचीही आहे. लसीच्या एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात. ती शीतपेटीत न्यावी लागते आणि एकदा द्रावण केले की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? हिशेब शेडचा आहे. वास्तविक ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये १९६६ साली सापडलेल्या सौम्य विषाणूपासून पुढे उष्णता सोसणारी लस निघाली आणि आशियातल्या खेड्यांत ती वापरूनही पाहण्यात आली. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत परसातले पक्षी सुमारे एकतीस कोटी सत्तर लाख भरले, म्हणजे एकूण पक्ष्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. एवढ्या मोठ्या ‘ग्राहका’साठी लहान कुपी निघू नये याचे मला नवल वाटते. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हाती राहतात, हे त्यामागचे एक कारण असेल, असा मला संशय आहे.

त्या गावात तेथल्या तरुण पशुवैद्याने पुढे एक साधी युक्ती केली. साथ ओसरल्यावर त्याने पंधरा घरे एकत्र केली, दिवस ठरवला आणि पहाटे, कोंबड्या डालग्याखाली असतानाच, एक कुपी फोडली. उजाडल्यावर कोंबडी हाती लागत नाही, हे त्याला त्या वृद्धेनेच सांगितले होते.