व्हॅक्यूम क्लीनरची हरवलेली वायर

संशोधनाची साधनं म्हटलं की आपल्याला दफ्तरखाना, हस्तलिखितं, जुनी वर्तमानपत्रं आठवतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र वस्तूसुद्धा कागदासारखीच वाचावी लागते, आणि जुन्या पोथीसारखी तिचीही काही पानं गहाळ असतात. ती पानं नवी घालायची का, आणि घातली तर कशी, हा पद्धतीचाच प्रश्न आहे. त्यासाठी आज उदाहरण घेऊ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या व्हॅक्यूम क्लीनरचं.

थोडी पार्श्वभूमी. १९०१ मध्ये इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा ओढून धूळ काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र एवढं अवाढव्य होतं की घोडागाडीवरून दारापर्यंत आणायचं, रस्त्यातच उभं करायचं आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या! घरातल्या माणसाला एकट्याने ढकलता येईल असं यंत्र पुढे आलं ते अमेरिकेत. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात सफाईचं काम करायचे. त्यांना दम्याचा त्रास, त्यात झाडताना उडणारी धूळ. त्यांनी पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र केलं. २ जून १९०८ ला त्यांना पेटंट मिळालं. त्याचे हक्क चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या हूवर कुटुंबाकडे गेले आणि त्याच वर्षी ‘मॉडेल ओ’ बाजारात आलं.

या काळातलं एखादं यंत्र हाती लागतं तेव्हा बहुतेक वेळा धातूचा सांगाडा असतो, मोटर असते. नसतात त्या गोष्टी बघा: ब्रश फिरवणारा पट्टा, ब्रशचे केस, मोटरमधले कार्बन ब्रश, धुळीची पिशवी, वायर आणि प्लग. म्हणजे जे झिजायचं, फाटायचं, बदलायचं ते सगळं गेलेलं. जीवाश्मांत हाडं टिकतात, मांस टिकत नाही, तसंच हे. गंमत अशी की यंत्र रोज कसं वापरलं गेलं हे सांगणारे भाग नेमके हेच.

आता वायर घ्या. आत तांब्याच्या तारा, त्यावर रबर, वर सुताची वीण. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक मिसळत. गंधक तांब्याला खातं, म्हणून तारांना कथलाचा मुलामा देत. इतकी काळजी घेऊनही हवेतल्या ऑक्सिजनने रबर कडक होतं, वाकवलं की तुकडे पडतात. दुरुस्ती करणारा साहजिकच ती कापून फेकतो आणि नवी वायर, तीन पिनांचा प्लग लावतो. यंत्र सुरू होतं, सगळे खूश.

पण १९०८ च्या अमेरिकेत वीज थोड्याच घरांत होती, आणि होती तिथे प्रामुख्याने दिव्यासाठी. भिंतीत प्लग-पॉइंट क्वचितच. त्यामुळे यंत्राची वायर दिव्याच्या होल्डरला जोडायची. बल्ब काढायचा आणि आटे असलेला प्लग तिथे फिरवून बसवायचा. फिरवताना वायरला पीळ पडायचा. हार्वे हबेल यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या दोन तुकड्यांच्या प्लगने ही कटकट मिटवली: आट्यांचा भाग होल्डरमध्येच राहतो, पिनांचा भाग ओढून काढता येतो. म्हणजे वायरचं दुसरं टोक आपल्याला त्या घराची वायरिंग सांगत होतं. तीन पिनांचा प्लग बघून उद्याचा अभ्यासक भिंतीतले पॉइंट आणि अर्थिंग गृहीत धरेल. मूळ वायरीत अर्थिंगची तार नव्हतीच.

मग गहाळ भाग आणायचे कुठून? सोपा रस्ता म्हणजे त्याच मॉडेलचं दुसरं मोडकं यंत्र. १९२६ च्या ‘हूवर ७००’ सारख्या भरपूर खपलेल्या मॉडेलला हे चालतं. दुर्मीळ यंत्राला नाही, कारण एक उभं करायला दुसरं मोडलं की पुराव्यातलं एक साधन कायमचं गेलं. दुसरा मोह पेटंटच्या आकृतीचा. आकृती पाहून भाग घडवणं मला तरी धोक्याचं वाटतं. पेटंट कल्पनेचं संरक्षण करतं, कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू तिच्याहून वेगळी असू शकते. कंपनीच्या सुट्या भागांच्या याद्या, माहितीपुस्तिका, जाहिरातींतली चित्रं जास्त कामाची. आणि सगळ्यात बोलकं खुद्द यंत्र: कप्पीवरची घासलेली जागा पट्ट्याची रुंदी सांगते, पिशवीच्या क्लँपखाली कापडाचे धागे अडकलेले सापडतात.

पिशवी सापडलीच तर धुवू नका! आतली धूळ म्हणजे त्या घराचा नमुना आहे: केस, गालिच्याचे धागे, काजळी. आधी थोडी काढून बाटलीत ठेवायची, नोंद करायची. झिजलेले कार्बन ब्रशही तसेच. त्यांच्या टोकाला कम्युटेटरची गोलाई उतरलेली असते, ती नव्या ब्रशवर नसते.

यंत्र चालवावं का? माझं मत: मुबलक मॉडेल असेल तर मेगरने इन्सुलेशन तपासून जरूर चालवा, कारण आवाज आणि थरथर हीसुद्धा माहितीच आहे. दुर्मीळ असेल तर राहू द्या. धातूची बॉडी, जीर्ण इन्सुलेशन, अर्थिंग नाही. यंत्र जळेल आणि शॉक बसायची भीती वेगळीच. नवा भाग बसवलाच तर त्यावर आतल्या बाजूने साल कोरायचं, जुना भाग चिठ्ठी लावून जपायचा.

प्लगची जागा रिकामी ठेवली तरी चालतं. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्बच्या होल्डरला लावायचा दोन पिनांचा प्लग सहज मिळतो, पण ओहायोच्या यंत्राला तोही चुकीचाच. आपले होल्डर इंग्रजी वळणाचे, दाबून फिरवायचे, तिकडचे आट्यांचे.