रजोनिवृत्ती

रजोनिवृत्ती : स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबणे, बोलीत ‘पाळी जाणे’. दुसरे कारण नसताना सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात ती साधारण ४६-४७व्या वर्षी येते, युरोप-अमेरिकेत ५१च्या आसपास.

बीजांडकोशांतील बीजांडे संपत आली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. मात्र आधी काही वर्षे ते हेलकावे खाते. म्हणून पाळी कधी पंधरा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी येते. अंगातून वाफा निघतात. ऐन थंडीत बाई गोधडी भिरकावून उठून बसते, पोलक्याची पाठ घामाने भिजलेली असते आणि थोड्या वेळाने तिलाच हुडहुडी भरते. रोजच्या या झोपमोडीतून आलेल्या चिडचिडीला घरचे ‘स्वभाव बदलला’ म्हणतात, हा अन्याय आहे. वाफा पुढे ओसरतात. योनिमार्गाचा कोरडेपणा आपोआप जात नाही, पण इस्ट्रोजेनच्या मलमाने आराम पडतो. हाडांची झीज मुकाट चालते. पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसले, तर तपासणी लांबवू नये.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी अनेकींची पाळी वयाने गेलेली नाही. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कामाचा दिवस बुडाला की मजुरीतून खाडा कापला जातो. उसाच्या फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घालून, तिशीतच त्यांची ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय काढले गेले. याच्या चौकशीसाठी २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

नुसते गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजांडकोश काम करत राहतात, काही वेळा थोडे लवकर थकतात. तेही काढले तर रजोनिवृत्ती तत्काळ होते, वाफा तीव्र असतात, हाडे आणि हृदय यांना इस्ट्रोजेनमुळे मिळणारे संरक्षण कित्येक वर्षे आधीच जाते. अशा तरुण स्त्रीला, तिच्या प्रकृतीत अडथळा नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणे योग्य ठरते. ‘पिशवी काढली’ एवढ्या शब्दांत मात्र हा फरक बुडून जातो. म्हणून तिशीत वाफांची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे डिस्चार्ज कार्ड आधी पाहावे, त्यावर बीजांडकोशांचा उल्लेख शोधावा. कार्ड नसेल तर सोनोग्राफी आणि रक्तातील एफएसएच या संप्रेरकाची तपासणी करावी.