विमान आणि प्रवाशाचें वजन

आगगाडीच्या प्रवासांत सामानाचें वजन होतें, हें आपण जाणतां. परंतु १९२० नंतरच्या दशकांत लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावर खुद्द प्रवाशालाही काट्यावर उभें राहावें लागे. विमानें लहान होतीं. एखादा स्थूल गृहस्थ कोठें बसतो यावर त्यांचा तोल अवलंबून असे. शिवाय भार वाढला कीं पंखांना अधिक उचल द्यावी लागते, आणि उचलीबरोबर हवेचा रोधही वाढतो. त्या रोधाची भरपाई इंधनानेंच करावी लागते.

पुढें विमानें मोठीं झालीं, काटा नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं ‘सरासरी प्रवासी’ आला. कोणी जाड, कोणी कृश. शेंकडों माणसांची बेरीज ठीकच येते. चारचौघांत वजन उघड होण्याचा संकोचही टळला! परंतु माणसें वजनानें वाढत गेलीं आणि कागदावरील आंकडा मागेंच राहिला. ८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेतील शार्लट येथें १९ प्रवाशांचें एक विमान उड्डाण करतांच कोसळलें. दोन वैमानिकांसह २१ जण प्राणांस मुकले. शेपटाकडील एलिव्हेटरची तार दुरुस्तींत चुकीची जुळविली गेली होती हें खरें. पण विमानांतील भारही हिशेबापेक्षां अधिक आणि मागें झुकलेला होता. त्यानंतर तेथील सरासरी आंकडे वाढविण्यांत आले.

इंधनाचा हिशेब २००४ सालीं प्रसिद्ध झाला. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकन माणसाचें वजन सरासरी दहा पौंडांनीं वाढलें. त्यापायीं एकट्या २००० सालीं तेथील विमानांना ३५ कोटी गॅलन इंधन जादा लागलें आणि सुमारें ३८ लाख टन कार्बन डायॉक्साइड हवेंत गेला, असें त्या संशोधकांचें अनुमान होतें. एक किलो इंधन जळलें म्हणजे हवेंतील प्राणवायु मिळून हा वायु तीन किलोंहून अधिक होतो.

मग वजनावर भाडें घ्यावें काय? २०१३ सालीं सामोआ एअर या छोट्या कंपनीनें तसें घेतलेंही. मला तें पटत नाहीं. मध्यम आकाराच्या जेट विमानांत रिकाम्या विमानाचाच दोनशें किलोंहून अधिक भार प्रत्येक आसनाच्या वांट्यास येतो. त्यापुढें शेजाऱ्याचे दहा किलो ते काय? खरी उधळपट्टी रिकाम्या आसनाची.

सरासरी मात्र ताजी हवी. २०२४ सालीं फिनएअरनें हेलसिंकी येथें स्वेच्छेनें पुढें आलेल्या प्रवाशांना सामानासह तोललें. नांव कोठेंही नोंदलें नाहीं, आणि आंकडा दिसे तो केवळ काट्यापाशीं उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला.