कादंबरी : एका नायिकेच्या नावाची कुळकथा

गुजराती वाचक 'नवलकथा' वाचतो, बंगाली 'उपन्यास' वाचतो. मराठी वाचक वाचतो ती 'कादंबरी'. हे मुळात एका नायिकेचं नाव. सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने एका गंधर्वकन्येची प्रेमकथा संस्कृत गद्यात लिहायला घेतली. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता. शाप, मरण, आणि जन्म ओलांडून चाललेली प्रतीक्षा. ग्रंथ अपुरा टाकून बाण गेला; तो पुरा केला त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने.

पुढे बाराशे वर्षांनी इंग्रजी 'नॉव्हेल' आपल्याकडे आलं. त्याला म्हणायचं काय, हे बरीच वर्षं ठरत नव्हतं. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली या नव्या प्रकारावर निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकात 'नावल' हाच शब्द होता. पण रुजली ती 'कादंबरी'. मला याचं कारण त्या काळच्या पुस्तकांतच दिसतं. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' : पुस्तकाचं नाव नायिकेचं आणि आत ताटातूट, संकटं, पुनर्भेट. बाणाच्या लेकीचं रक्त त्यांच्यात उघड दिसत होतं.

या कादंबरीत इतिहास आणला रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी. 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून क्रमशः आलेली त्यांची शिवकालीन 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूप झाली. मराठीतली ही पहिली ऐतिहासिक कादंबरी.

बाणाने आणखी एक ग्रंथ लिहिला होता, 'हर्षचरित'. जुने शास्त्रकार घडलेल्या गोष्टीवर उभ्या गद्याला 'आख्यायिका' म्हणत आणि कल्पिलेल्या गोष्टीला 'कथा'. हर्षचरित ही आख्यायिका, कादंबरी ही कथा. ऐतिहासिक प्रेमकादंबरीत या दोन्ही बहिणी एका घरात नांदायला येतात.

म्हणूनच अशा पुस्तकाचं परीक्षण करताना मी ते दोनदा वाचते. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' (१९६२) घ्या. पानिपतानंतरचं कर्ज, राघोबादादांची भाऊबंदकी, १७७२ मध्ये थेऊरला आजारपणात झालेला माधवरावांचा मृत्यू : ही आख्यायिकेची बाजू, ती कागदपत्रांशी ताडून पाहायची. माधवराव आणि त्यांची पत्नी रमाबाई एकांतात काय बोलले, याचा कागद कुठून मिळणार? ती कथेची बाजू. तिथे एवढंच विचारायचं, की हे शब्द या दोन माणसांच्या तोंडी, त्या वाड्यात, त्या आजारपणात शोभतात का.

'नुसती प्रेमकथा' असं म्हणून अशी पुस्तकं बाजूला सारणाऱ्यांना माझं सांगणं आहे : या अख्ख्या साहित्यप्रकाराला आपण ज्या नावाने हाक मारतो, ते एका प्रेमात पडलेल्या मुलीचं आहे.